स्क्रूचे डोके ओळखताना...

हार्डवेअरच्या दुकानात मशीन स्क्रू मागताना आपण जाडी आणि लांबी सांगतो. डोक्याचा आकार मात्र दुकानदारावर सोडतो. जोड टिकणार की भाग तडकणार, हे पुष्कळदा त्या आकारावरच ठरते.

डोक्यांचे ढोबळ प्रकार दोन. पॅन, चीज व षटकोनी डोक्यांचा तळ सपाट असतो. ती पृष्ठभागाच्या वर राहतात आणि सरळ खाली दाब देतात. ट्रस डोके रुंद व बसके असल्याने पातळ पत्र्याला सोयीचे ठरते. काउंटरसंक, म्हणजेच ‘सीएसके’ डोके खाली निमुळते होत जाते आणि तशाच खळग्यात पृष्ठभागाशी समतल बसते. साध्या भोकात ते आवळल्यास पाचरीसारखे काम करते व ॲक्रिलिकसारखा ठिसूळ भाग तडकू शकतो. मेट्रिक स्क्रूत हा कोन ९० अंशांचा, तर इंची स्क्रूत सहसा ८२ अंशांचा असतो. कोन जुळला नाही, तर डोके केवळ कडेवर टेकते.

लांबी मोजण्याची रीतही वेगळी. सपाट तळाच्या स्क्रूची लांबी डोक्याखालून, तर काउंटरसंकची डोक्यासह मोजतात. म्हणूनच स्क्रू बदलताना जुना नमुना सोबत न्यावा आणि डोक्यावरील खाचेइतकाच त्याचा तळही पारखून घ्यावा.