गच्चीवरची छत्री

स्मरणिकेसाठी जुनी एखादी आठवण लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, तेव्हा लिहिण्याचा सराव नसतानाही मी होकार दिला. कारण एक गोष्ट कित्येक वर्षे मनात सलत होती.

१९९२ साली मी दहा वर्षांची होते. कोल्हापुरात आमच्या शेजारी एक काकू राहत. पतीच्या मागे शिवणकामावर त्यांनी संसार ओढला होता. त्या वर्षी त्यांच्या मुलाने साठवलेल्या पैशांत कर्जाची भर घालून गच्चीवर बारा फुटी डिश बसवली. आम्ही मुले तिला छत्री म्हणत असू. ती जाळीची होती. चाळणीत पाणी ठरत नाही, मग या जाळीत चित्र कसे अडकते, याचे आम्हांला मोठे नवल वाटे. पुढे समजले, की त्या लहरींची लांबी सात-आठ सेंटिमीटर असते. जाळीची बारीक भोके त्यांना दिसतच नाहीत! लहरी परतून मधोमध टांगलेल्या डब्यात गोळा होत व तेथून निघालेली वायर गच्चीगच्चीवरून घरोघर जाई.

हे चित्र येई ते एशियासॅट-१ या उपग्रहाकडून. त्याची कथा मोठी विलक्षण आहे. १९८४ च्या फेब्रुवारीत तो वेस्टार-६ या नावाने अवकाशात सोडला गेला, पण ठरल्या कक्षेत पोचलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘डिस्कव्हरी’ यानातील अंतराळवीरांनी त्याला पकडून परत आणले. डागडुजी होऊन एप्रिल १९९० मध्ये तो चीनमधून पुन्हा वर गेला. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्याच गतीने फिरे, म्हणून आपल्याला एका जागी स्थिर भासे. १९९१ पासून स्टारच्या वाहिन्या त्यावरून दिसू लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी आली.

त्याच सुमारास, नवरात्रात, तो प्रकार घडला. सकाळी दहाच्या सुमारास साऱ्या परदेशी वाहिन्यांवर मुंग्या येऊ लागल्या. काही मिनिटांत चित्र पूर्ववत होई. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तेही त्याच वेळी! दूरदर्शन मात्र स्वच्छ दिसे. मग काय, कुजबूज सुरू झाली. “मुलगा मुद्दाम वायर काढतो.” मीही आईला ठासून सांगितले, “मी त्याला गच्चीवर डब्याशी खटपट करताना पाहिलंय.” बिचारा दोष शोधत होता! चार घरांनी त्या महिन्याचे पैसे दिले नाहीत. त्यांत आमचे एक. काकू पैसे मागायला दारात आल्या, तेव्हा मी आत लपले होते.

चार-पाच दिवसांनी सारे आपोआप थांबले. संशय मात्र राहिला.

महाविद्यालयात असताना मला उलगडा झाला. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्याच्या प्रखर लहरींपुढे उपग्रहाचा क्षीण संदेश बुडून जातो. दूरदर्शन जमिनीवरच्या मनोऱ्याकडून येई, म्हणून त्याला काही होत नसे. दोष ना काकूंचा, ना त्यांच्या मुलाचा!

मी धावत काकूंकडे गेले, सारे सांगितले, क्षमा मागितली. त्या हातातले शिवण बाजूला ठेवून हसल्या. म्हणाल्या, “अगं, मग त्या महिन्याचे पैसे सूर्यनारायणाकडेच मागायला हवे होते!” मग थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, “तेव्हा कुणी नुसतं विचारलं असतं, तरी बरं वाटलं असतं.”

२००३ नंतर घरोघरी लहान डिश आल्या व ती मोठी छत्री भंगारात गेली. भगिनींनो, आपल्या मंडळातही कधी हिशोबावरून, कधी कामावरून शंका निघतात. तेव्हा मला काकूंचे ते वाक्य आठवते, आणि मी आधी जाऊन विचारते.