कसर (कपड्यांची)

खवलेपंखी (लेपिडोप्टेरा) गणाच्या टिनिडी कुलातील, लोकर, केस, पिसे, फर यांसारख्या प्राणिज पदार्थांवर अळीच्या अवस्थेत उपजीविका करणाऱ्या काही लहान पतंगांना ही संज्ञा आहे. पुस्तके आणि खळ दिलेले कापड कुरतडणारा, बिनपंखी, रुपेरी रंगाचा कीटकही मराठीत कसर म्हणूनच ओळखला जातो. तो वेगळ्या गणातला असून प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार केलेला नाही.

या पतंगांपैकी जगभर सर्वांत उपद्रवी ठरलेली जाती म्हणजे टिनिओला बिसेलिएला होय. तिचा पतंग फिकट सोनेरी रंगाचा असतो, डोक्यावर तांबूस केसांचा झुबका असतो आणि पसरलेल्या पंखांची रुंदी ९ ते १६ मिमी. भरते. अळी खाण्याच्या जागीच रेशमी धाग्यांचे जाळे व बोगदे विणते, त्यामुळे कसर लागलेल्या शालीवर भोकांबरोबरच चिकट जाळी आणि वाळूच्या कणांसारखी विष्ठा आढळते. दुसरी जाती टिनिया पेलिओनेला. हिचे पंख करडे असून त्यांवर गडद ठिपके असतात, आणि हिची अळी स्वतःभोवती विणलेली पिशवी सतत अंगावर वागवत हिंडते. ही पिशवी खाल्लेल्या कापडाच्याच तंतूंची असल्याने कापडाचा रंग घेते. अठराव्या शतकात फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर याने अळ्यांना एकामागून एक निरनिराळ्या रंगांच्या लोकरीवर सोडले, तेव्हा वाढत्या पिशवीवर त्या त्या रंगाचे पट्टे उमटलेले त्याला दिसले.

प्रौढ पतंग कापड खात नाही. त्याची मुखांगे खुरटलेली असतात आणि आयुष्याचे दोन ते चार आठवडे तो अळीपणी साठवलेल्या चरबीवर काढतो. मादी ४० ते ५० अंडी कापडाच्या तंतूंमध्ये अडकवून ठेवते. उबदार हवेत ती ४ ते १० दिवसांत फुटतात. अळीच्या अवस्थेचा काळ मात्र विलक्षण लवचिक आहे. खाणे भरपूर व हवा उबदार असेल तर पाच-सहा आठवड्यांत ती कोशात जाते, उलट थंडी पडली किंवा खाणे निकस असले तर पुनःपुन्हा कात टाकत ती दोन वर्षांहूनही अधिक काळ रेंगाळू शकते, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे न उघडलेल्या ट्रंकेतही जिवंत अळ्या सापडतात. पतंग व अळ्या दोघेही उजेड टाळतात. कपाट उघडताच मादी उडण्याऐवजी घडीच्या आत पळते. उडताना दिसतात ते बहुधा नर. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाशी ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणाऱ्या पाखरांना कसर समजणे चूक आहे, आणि ज्वारीच्या कोठीतून किंवा पिठाच्या डब्यातून निघणारी पाखरेही कपड्यांच्या वाटेला जात नाहीत.

या कीटकाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पचनसंस्थेत आहे. लोकर, केस, नखे व पिसे केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात. या प्रथिनाच्या साखळ्या गंधक-गंधक बंधांनी एकमेकींशी इतक्या घट्ट जखडलेल्या असतात की माणसासह बहुतेक प्राण्यांची पाचक रसायने त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतात. कसरीच्या अळीच्या आतड्याच्या मधल्या भागात तीव्र अल्कधर्मी द्रव असतो आणि तेथे प्राणवायू जवळजवळ नसतो. अशा परिस्थितीत गंधकाचे बंध तुटतात, साखळ्या सुट्या होतात आणि मग प्रथिन फोडणारी विकरे (एंझाइमे) आपले काम करू शकतात. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रोम-लांग व डुस्पिवा यांनी ही प्रक्रिया अभ्यासून १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. अळी पाणी पीत नाही. अन्नातल्या अल्प ओलाव्यावर आणि अन्नाच्या चयापचयात तयार होणाऱ्या पाण्यावर ती भागवते, आणि बंद पेटीतल्या कोरड्या शालीवर तिचे निभते ते यामुळे. मात्र निव्वळ स्वच्छ लोकरीत जीवनसत्त्वे व क्षार पुरेसे नसल्याने तिच्यावर अळीची वाढ नीट होत नाही. घाम, तेल, सांडलेले वरण किंवा चहा यांचे डाग तिची ही उणीव भरून काढतात, आणि स्वेटरची गळपट्टी, काखा व बाह्यांची टोके आधी का खाल्ली जातात याचे उत्तर तेथेच मिळते. सुती व कृत्रिम तंतू ती पचवू शकत नाही, तथापि लोकरीशी मिसळून विणलेले असल्यास ती ते कुरतडते व न पचवता बाहेर टाकते.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून वाढलेल्या बजाजनगरासारख्या वस्तीत लोकांच्या सर्वाधिक नजरेस पडते ती मात्र याच कुलातील तिसरी, फेरिओका या प्रजातीची अळी. न्हाणीघराच्या भिंतीवर, जिन्याखाली किंवा छताच्या कोपऱ्यात लटकणारी, मधे फुगीर व दोन्ही टोकांना निमुळती, भोपळ्याच्या बीसारखी चपटी राखाडी पिशवी हे तिचे घर होय. ही पिशवी ८ ते १४ मिमी. लांब असते, आतून मऊ रेशमाने मढवलेली आणि बाहेरून वाळू, गिलाव्याचा भुगा, केस व कीटकांची विष्ठा चिकटवून खरखरीत केलेली असते. दोन्ही टोके उघडी असल्याने अळी आतल्या आत वळून हव्या त्या टोकाने डोके बाहेर काढते, पुढचे गडद रंगाचे तीन खंड व पाय बाहेर आणून भिंत धरते आणि मागची पिशवी ओढत नेते. स्पर्श होताच ती आत जाते व पिशवीचे तोंड मिटते. कोशावस्थेसाठी अळी पिशवी भिंतीला पक्की चिकटवते, आणि पतंग उडून गेल्यावर एका टोकातून अर्धवट बाहेर आलेले कोशाचे रिकामे कवच मागे राहते. जुनी कोळिष्टके हे तिचे आवडते खाद्य असून मेलेले कीटक, गळलेले केस आणि मिळाल्यास लोकर ती खाते. दमट हवेशिवाय तिची वाढ होत नाही, म्हणून मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तिचा वावर घटतो व पावसाळ्यात वाढतो. भिंतीवर ती दिसली की कपाटातील साड्या धोक्यात आल्या असे मानण्याचे कारण नाही. ती साड्यांपेक्षा कोपऱ्यातल्या कोळिष्टकांचा पत्ता अधिक खात्रीने देते.

कसरीचे खाद्य मराठी घरात पूर्वी अधिक होते. दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली धनगरी घोंगडी, सोवळ्यात नेसायची लोकरीची धाबळी, भजनी मंडळाच्या हार्मोनियममधील पट्ट्यांखालचा लोकरी नमदा या वस्तूंना तिचा उपद्रव होतो. आज बाजारात मिळणारी बहुसंख्य ब्लँकेटे पॉलिएस्टरची आणि स्वस्त स्वेटरे अॅक्रिलिकची असल्याने ती आपोआप सुरक्षित आहेत. पैठणीची गोष्ट वेगळी. रेशीम हे केराटिन नसून फायब्रोइन या प्रथिनाचे बनते व कसरीला ते दुय्यम खाद्य आहे. डागाळलेल्या रेशमाला ती तोंड लावते. पैठणी घडीच्या रेषेवर चिरत असेल तर दोष बहुधा वर्षानुवर्षे एकाच जागी पडलेल्या घडीचा व जरीच्या भाराचा असतो. औरंगाबादी हिमरूत सुती ताण्याबरोबर रेशीम असते, तेथेही सुती भागाला कसरीचे भय नाही.

नियंत्रणाचा सर्वांत विश्वसनीय उपाय म्हणजे कपडा धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवणे. अंडी, अळी व कोश या सर्व अवस्था ५५ अंश सेल्सिअसला सुमारे तासाभरात मरतात, त्यामुळे कडक इस्त्री परिणामकारक ठरते. ड्रायक्लीनिंगही परिणामकारक आहे. पावसाळ्यापूर्वी घोंगड्या व शाली गच्चीवर उन्हात टाकण्याची आणि झटकण्याची रीत शास्त्राला धरून आहे, कारण मेच्या उन्हात तापलेल्या स्लॅबवर कापड पुरेसे गरम होते, उजेडाला बिचकणाऱ्या अळ्या बाहेर पडतात आणि झटकल्याने अंडी गळतात. रेशमाला मात्र थेट ऊन मानवत नाही, रंग विटतो व धागा पिवळा पडून कमकुवत होतो, तेव्हा पैठणी सावलीतच हवेशीर ठेवावी आणि घडी बदलावी. संग्रहालये वस्तू हवाबंद गुंडाळून उणे १८ अंशांवर सुमारे दोन आठवडे ठेवतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला, वेखंड वा लवंगा यांचा भरवसा धरता येत नाही. वास असला तरी आत शिरलेली अळी त्याने मरत नाही. नॅप्थॅलिनच्या डांबरगोळ्या मारक आहेत, परंतु बाष्प साठून राहील अशा घट्ट पेटीतच. फटी असलेल्या कपाटात त्यांचा उपयोग नाममात्र होतो. शिवाय त्या बाळांच्या कपड्यांत ठेवू नयेत, कारण जी-६-पीडी या विकराची जन्मतः उणीव असलेल्या अर्भकात नॅप्थॅलिनच्या संपर्काने तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते.

निसर्गात या पतंगांचा मूळ निवास पक्ष्यांच्या घरट्यांत व प्राण्यांच्या बिळांत आहे. गॅलरीत किंवा वातानुकूलन यंत्रामागे कबुतरांनी केलेली घरटी पिसे व विष्ठा यांमुळे कसरीची कायमची शिदोरी ठरतात, आणि तेथून ती घरात येते. घरटे रिकामे झाल्यावर ते काढून टाकणे हा उपाय फवारणीपेक्षा स्वस्त पडतो. एपांटेलिस कार्पेटस ही चिमुकली परजीवी गांधीलमाशी कसरीच्या अळीत अंडी घालून तिला मारते व फेरिओकावरही जगते.