डिपुटींची तपासणी आणि वीटभट्टीवरची पोरं

मुलांच्या परीक्षेवरून शाळेचा पैसा ठरवायचा, ही कल्पना आजची नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी नियम केला. मुलाच्या हजेरीचे शाळेला चार शिलिंग, वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेचे आठ. एका विषयात मूल नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स कापले! मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः सरकारी शाळा-तपासनीस, पण त्यांनीच ओरड केली की यामुळे शिकवणं यांत्रिक होतंय.

तरी हीच पद्धत आपल्या मुंबई इलाख्यात खाजगी शाळांच्या अनुदानासाठी आली. डिपुटी येणार म्हटलं की पाठांतराचा धडाका. अखेर १९०४ मध्ये कर्झनच्या सरकारने ठराव केला: परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरवणं बंद. त्याऐवजी पटावरची हजेरी, इमारत, शिक्षकांची पात्रता आणि (हे लक्षात ठेवा) त्या ठिकाणची परिस्थिती बघावी.

प्रश्न मिटला म्हणता? २३ ऑक्टोबर २०१७ चा महाराष्ट्राचा शासन निर्णय पाहा. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर शिक्षकाला वरिष्ठ व निवड श्रेणी मिळते. त्यासाठी आता शाळा ‘प्रगत’ हवी, शाळासिद्धीत ‘अ’ श्रेणी हवी, नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर हवा. शिक्षक संघटनांनी विरोध केला, आणि पुढे ही अट काढावी लागली.

संघटना नुसत्या पगारासाठी भांडत होत्या, असं म्हणणं सोपं आहे. पण आपल्या वसईत या. इथली आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. याच मुलांसाठी विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या होत्या. समजा, असं एक मूल वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीला वर्गात होतं आणि नंतरच्या संकलित चाचणीला भट्टीवर. सरासरीत त्याला धरायचं की वगळायचं? वगळलं तर आकडा छान दिसतो, पण त्या पोराला परत आणायला कुणाला घाई राहत नाही. शून्य गुण धरले तर गुरुजी दोषी, आणि वसई रोड स्टेशनजवळची, पोरांना शिकवण्या लावलेली शाळा आपोआप हुशार!

चाचणी नको, असं मी म्हणत नाही. चाचणीच नसेल तर तिसरीतल्या पोराला वाचता येत नाही, हे कळणार कसं? पण त्या पोराची तुलना त्याच्याच जूनमधल्या गुणांशी करा, शेजारच्या शाळेशी नको. आणि निकालपत्रकात सरासरीच्या शेजारी आणखी एक रकाना छापा: पटावर किती, चाचणीला किती, आणि उरलेले कुठे.