काचेवर उमटलेले पूर्वज

मुरगूड, कागल, गडहिंग्लज अशा गांवांतील जुन्या घरांच्या सोप्यांत, भिंतीच्या वरच्या अंगास किंचित् पुढें कलून टांगलेल्या तसबिरी वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. डोक्यास पागोटें, एक हात तिवईवर, अंगरख्याची घडी जागच्या जागीं, आणि चेहऱ्यावर हास्याचा लवलेश नाहीं. ह्या गांभीर्याचें कारण विचारलें असतां ठराविक उत्तर मिळतें: त्या काळचा कॅमेरा मंद होता, हललें कीं चित्र बिघडे, म्हणून माणसें दगडासारखीं बसत. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. आणि उरलेल्या अर्ध्यांत आमच्या सामाजिक इतिहासाचा एक मनोरंजक भाग दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम यंत्राची गोष्ट. लहान चित्रावरून मोठें चित्र काढण्याची सोय त्या वेळीं सुलभ नव्हती. जेवढी काच तेवढाच कागद. मोठी तसबीर हवी तर कॅमेराच मोठा हवा. फुल प्लेट म्हणजे 6½ × 8½ इंच, हाफ प्लेट 4¾ × 6½. पुढें भिंग, मध्यें कातडी भाता, मागें घासलेली काच, आणि फोटोग्राफरच्या डोक्यावर काळें कापड. त्या काचेवर बसलेला मनुष्य खालीं डोकें वर पाय असा दिसतो. अशा मोठ्या प्लेटीवर स्पष्टतेची मर्यादा फार अरुंद असते. डोळे साधले तर कान धूसर होतात. शिवाय घासलेली काच काढून तेथें प्लेट बसविली कीं फोटोग्राफरला कॅमेऱ्यांतून कांहींच दिसत नाहीं. तो बाजूस उभा राहून समोरच्या माणसाकडे उघड्या डोळ्यांनीं पाहतो, आणि त्याच क्षणीं चित्र उमटतें. छायाचित्र घेणारा व देणारा यांची अशी प्रत्यक्ष दृष्टभेट पुढच्या काळांतील हातकॅमेऱ्यांत राहिली नाहीं.

1851 सालीं आर्चर नांवाच्या इंग्रजानें प्रसिद्ध केलेल्या ओल्या काचेच्या कृतींत प्लेट ओली असेतोंच सर्व उरकावें लागे, आणि कित्येक सेकंद निश्चल बसणें भाग असे. मानेमागें लोखंडी आधारही लावीत. परंतु 1871 त मॅडॉक्सनें कोरड्या जिलेटिन प्लेटीची कृति पुढें मांडली, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत तयार प्लेटी बाजारांत आल्या. आतां चांगल्या उजेडांत एक-दोन सेकंद पुरत. तरी आमच्या वडीलधाऱ्यांचे चेहरे कांहीं सैल झाले नाहींत! तेव्हां सगळा दोष यंत्रावर टाकतां येत नाहीं.

मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 सालीं. लगेच दुसऱ्या वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें ह्या विद्येचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी ह्या सोसायटीचे सभासद व स्वतः कुशल फोटोग्राफर होते. एल्फिन्स्टनच्या वर्गांतून तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें स्वतःचा स्टुडिओ काढला, आणि 1867 च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें गेलीं. ह्याच गृहस्थांनीं 1874 त लंडनला भगवद्गीतेवर इंग्रजी टीका छापली. तेव्हांचा फोटोग्राफर नुसता कारागीर नव्हता, हें यावरून दिसेल.

याच मुंबईंत विल्यम जॉन्सन यानें येथील लोकांचीं चित्रें घेऊन 1863 व 1866 सालीं दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत माणसें आहेत ती अमुक जातीचे, तमुक धंद्याचे नमुने म्हणून; इतकेंच नव्हे, तर स्टुडिओंत घेतलेल्या आकृती दुसऱ्याच एकाद्या स्थळाच्या देखाव्यावर जोडल्या आहेत. यंत्र तेंच, काच तीच. परंतु तेथें मनुष्यास नांव नाहीं. जो आपले पैसे मोजून हरिश्चंद्रांसारख्यांच्या स्टुडिओंत बसला, तो मात्र स्वतःच्या नांवानें बसला. आपलें रूप कसें दिसावें हें त्यानें ठरविलें. आणि त्याच्यापुढें नमुना कोणता होता? दरबारी चित्रांतील सरदार आणि देव्हाऱ्यांतील मूर्ति. ही तसबीर आपल्यामागें भिंतीवर लागावयाची, तिला हार पडावयाचा, नातवंडें तिच्यापुढें वांकावयाचीं, हें तो जाणून होता. हंसऱ्या चेहऱ्यानें तें काम भागलें नसतें.

त्या तसबिरींवर डोळे झांकून विश्वास ठेवावा असेंही नाहीं. जुन्या प्लेटींस निळा रंग तेवढा नीट कळे, तांबडा मुळींच कळत नसे. म्हणून सवाष्णीचें कुंकू काळें उमटलें, लाल पागोटें काळें झालें, आणि गहूंवर्णी माणसें उगाच सांवळीं दिसूं लागलीं. हें झालें रसायनाचें कर्तृत्व; पुढें माणसाचेंही होतें. काचेवर बारीक पेन्सिल चालवून सुरकुत्या व देवीचे व्रण पुसणें हा धंद्याचा भागच होता. इतिहासकारानें ह्या चेहऱ्यांचा पुरावा घेतांना एवढें ध्यानांत ठेवलेलें बरें.

कोल्हापुरांत ह्या कलेला चित्रकारांची जोड मिळाली. फोटोवरून तैलचित्र करणें हा तेथील चित्रकारांचा व्यवसाय झाला. त्याच मातींत बाबूराव पेंटर (1890–1954) व त्यांचे चुलतबंधु आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवीत वाढले. आनंदराव 1916 सालीं वारले. बाबूरावांनीं शिष्य दामले यांच्या साहाय्यानें 1918 त चालत्या चित्रांचा कॅमेरा घरीं बनविला, आणि 1920 त ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. ज्या गांवानें माणसाला निश्चल बसविण्याची कला घोटली, त्याच गांवानें त्याला चालावयास लावलें, ही गंमत नोंदण्यासारखी आहे.

मूळ काचांचें नशीब मात्र खडतर. ओल्या कृतीच्या काळांत काच महाग. चित्र बिघडलें किंवा नकोसें झालें कीं ती घांसून धुऊन पुन्हां लेप द्यावयाची रीतच होती. एका गृहस्थाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा चेहरा चढे, आणि पहिल्याचा कागद वाळवीनें खाल्ला असेल तर त्याचें रूप तेथेंच संपलें.