देवाच्या दरबारात हजेरीपट नव्हता

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ख्रिस्ती प्रार्थनेला चर्च लागतंच असं नाही. एखाद्याच्या ओटीवर माणसं जमतात, गाणी म्हणतात. कुणी आजारी मुलासाठी प्रार्थना मागतं, कुणी आपल्या घरात काय घडलं ते सांगतं. मी डहाणूचाच. अशा बैठकांबद्दल इथे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बाटले का ते?" माणूस आत की बाहेर, एवढंच विचारणाऱ्याला हवं असतं.

याच प्रश्नाशी शंभर वर्षांपूर्वी एक मराठी कवी झगडला होता. शाळेच्या पुस्तकात भेटलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक. ब्राह्मण घरात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या वर्षांतली ताटातूट 'स्मृतिचित्रे'मध्ये वाचायला मिळते. आत-बाहेरची किंमत टिळकांनी आधी स्वतःच्या घरातच मोजली होती.

पुढे ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. ख्रिस्ती उपासना मराठी माणसाला परकी वाटू नये, म्हणून त्यांनी भजनं आणि अभंग लिहिले, कीर्तनाचा आग्रह धरला. हा बदल फक्त चालींचा नव्हता. प्रवचन ऐकायचं असतं, भजनात मात्र समोर बसलेल्यालाही गावं लागतं.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. ही गोष्ट साधी नव्हती. चर्चमध्ये बाप्तिस्मा हाच सभासदत्वाचा दाखला असतो आणि टिळकांनी नेमका तोच दारात विचारायचा नाही असं ठरवलं.

९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबारही फार टिकला नाही. संस्थेकडे इमारत असते, वही असते, एक पाळक गेला तर दुसरा येतो. मोकळ्या बैठकीचा सगळा भार एखाद्याच माणसावर पडतो. टिळकांची भजनं मात्र राहिली. मराठी चर्चमध्ये ती आजही म्हटली जातात.

तलासरीत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण आता त्यात जातीचा दाखलाही आला आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा कायद्याने धर्माशी बांधलेला नाही. अनुसूचित जातींचा आहे. तरीही ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना यादीतून काढा, अशी मागणी होत असते. अशा वेळी ओटीवर बसलेल्या वारली बाईला "तू नक्की कोण?" असं विचारणं म्हणजे नुसती चौकशी राहत नाही. तिच्या उत्तरावर मुलांची शिष्यवृत्ती आणि नोकरी टांगलेली आहे, अशी धास्ती तिला वाटू शकते. कुणी भगताकडेही जातं आणि प्रार्थनेलाही बसतं. त्यांच्यासाठी आपल्या प्रश्नात रकानाच नाही.

टिळकांचा दरबार जेमतेम दोन वर्षांचा, म्हणून त्याला फसलेला प्रयोग म्हणता येईल. पण माणसाला आधी बसू द्यावं, गाऊ द्यावं, नाव नंतर विचारावं किंवा विचारूच नये, हे तिथे करून पाहिलं गेलं. आपल्या तालुक्यात एवढं जमलं तरी पुष्कळ भांडणं ओटीपर्यंत पोचणार नाहीत.