चपट्या तोंडाचा ट्रक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लासलगावात कांद्याचा आजचा भाव विचारा, शाळेतलं पोरही सांगेल. पण हा कांदा ज्या गाड्यांतून देशभर गेला, त्या गाड्यांचा इतिहास विचारा. जुनी माणसंही 'ट्रकनं जायचा' एवढं बोलून गप्प होतात. मालाचा इतिहास आपण लिहितो, बाजाराचा लिहितो. गाडीचा आणि गाडीवानाचा मात्र लिहीत नाही. आज मी त्याविषयी थोडं बोलणार आहे, आणि त्याला निमित्त आहे आमच्या मामूंचा ट्रक.

मामूंनी आयुष्यभर लासलगावचा कांदा वाहिला. सत्तरच्या दशकातली लेलँडची गाडी, चपट्या तोंडाची. मामू गेले, गाडीची नोंदणी रद्द झाली, आणि ती घरामागच्या लिंबाखाली कित्येक वर्षं उभी राहिली. टायर जमिनीत रुतले, टपावर पाला कुजला. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा माझा मामेभाऊ म्हणाला, "विकायची नाही. पुन्हा उभी करायची." रस्त्यावर चालवण्यासाठी नाही, नुसती अंगणात उभी करण्यासाठी. घरातल्यांनी त्याला वेड्यात काढलं. मीही काढलं.

काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात अडलं. अडलं ते सुट्या भागांवरून नव्हे, एका प्रश्नावरून. मामेभाऊ म्हणाला, "गाडी मूळ रूपात आणायची." केबिनचं काम करायला आलेले म्हातारे सुतारमिस्त्री हसले. म्हणाले, "मूळ कोणतं, भाऊ? या गाडीला तीन केबिनी झाल्या. तिसरी मीच बांधली."

या एका वाक्यात आपल्याकडच्या ट्रकचा निम्मा इतिहास आहे.

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. रेल्वे गावात त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकातच आली होती. शेतातून बाजारात माल यायचा बैलगाडीनं आणि लांबच्या गावांना जायचा रेल्वेच्या वाघिणीतून. ट्रक देशात सर्वत्र दिसू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. मुंबईत शिवडीला अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता आणि तिथं शेव्हरले गाड्यांची जुळणी होत असे. पण युद्ध संपल्यावर लष्कराच्या हजारो गाड्या लिलावात निघाल्या. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द जुन्या लोकांच्या तोंडी असे, तो तेव्हाचा. त्यांत कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेव्हरलेचे लष्करी ट्रकही होते. जहाजात कमी जागेत जास्त गाड्या मावाव्यात म्हणून त्यांचं नाक मुद्दाम आखूड ठेवलेलं होतं. म्हणजे बसक्या नाकाची गाडी आपल्या रस्त्यांवर रूढ होण्यात युद्धाचाही हात आहे.

पुढं देशातच ट्रक बनू लागले. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो आले. मद्रासला १९४८ साली अशोक मोटर्स सुरू झाली. ब्रिटनच्या लेलँड कंपनीशी तिचं नातं जुळलं आणि १९५५ साली तिचं नाव अशोक लेलँड झालं. जमशेदपूरला टेल्कोनं १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज-बेन्झ ट्रक बाहेर पडला. तो करार १९६९ साली संपला, आणि गाडीच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथं टाटांचा 'टी' आला.

पण या कारखान्यांतून बाहेर पडायचं काय? पुष्कळदा पूर्ण ट्रक नव्हेच. बाहेर पडायची नुसती चेसी: दोन लांब लोखंडी तुळ्या, इंजिन, चाकं, स्टेअरिंग आणि पुढं पत्र्याचा एक मुखवटा. छप्पर नाही, दारं नाहीत, मागं हौदा नाही. ड्रायव्हर एखाद्या खोक्यावर फळी टाकून बसायचा, कानाला मफलर गुंडाळायचा आणि ऊन-पाऊस अंगावर घेत ती उघडी चेसी शेकडो मैल चालवत आणायचा. महामार्गावरचं हे दृश्य तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

मग ती चेसी बॉडीवाल्याच्या आवारात जायची. तिथं सुतार, लोहार, पत्रेवाला आणि पेंटर मिळून तिचा ट्रक करायचे. केबिनचा सांगाडा लाकडी, वरून पत्रा. हौदा कशासाठी, त्यावर फळ्यांचं माप ठरायचं. वाळूला घट्ट हौदा लागतो. कांद्याला हवा लागते, नाहीतर तो गरम होऊन सडतो. म्हणून कांद्याच्या गाडीला फळ्यांत फटी हव्यात. मागचा फाळका, ताडपत्रीचे हूक, टपावरचा कठडा, सगळं मालकाच्या गरजेप्रमाणं आणि मिस्त्रीच्या हाताप्रमाणं. आजकाल गाडी आपल्या मनासारखी करून घेण्याला 'कस्टमाइज' करणं म्हणतात. आमच्याकडचा प्रत्येक ट्रक जन्मतःच तसा होता.

आता चपट्या तोंडाविषयी. नाक असलेल्या ट्रकात इंजिन ड्रायव्हरच्या पुढं असतं. चपट्या ट्रकात ड्रायव्हर इंजिनाच्या वर किंवा शेजारी बसतो. गाडीची लांबी तेवढीच, पण नाकाची जागा वाचल्यानं हौदा लांब होतो. वळण आखूड बसतं, पुढचा रस्ता जवळून दिसतो. बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत हे सोयीचं. अमेरिकेत ट्रक आणि मागचा ट्रेलर यांच्या एकूण लांबीला मर्यादा होती. तोवर तिथं चपटे ट्रक जोरात होते. १९८२ च्या कायद्यानं ती मर्यादा बदलली आणि तिथले ट्रक पुन्हा लांब नाकाचे झाले. आपल्याकडं उलट झालं. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्यानं आयशर, स्वराज माझदा असे चपट्या तोंडाचे छोटे ट्रक आले. 'आयशर' हा तर आता कंपनीच्या नावापेक्षा गाडीचा प्रकार म्हणूनच बाजारात बोलला जातो.

हौदा लांब झाला, ती लांबी मालकाला मिळाली. उष्णता मिळाली ड्रायव्हरला. जुन्या गाड्यांत केबिनच्या मधोमध इंजिनावर पत्र्याचं झाकण असे. त्यावर गोणपाट किंवा जुनी गोधडी टाकलेली. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, त्यामुळं त्याचा डावा पाय तासन्‌तास त्या झाकणाला लागून. क्लीनर रात्री त्याच झाकणावर अंग मुडपून झोपणार. उन्हाळ कांद्याचा हंगाम ऐन एप्रिल-मेचा. बाहेर आग, आत आग.

मामेभावाला हे झाकण बदलायचं होतं. खाली जाड उष्णतारोधक थर, वर नवं रेक्झिन, दिसायला सुंदर. मुमानी ओट्यावर बसून काम बघत होत्या. एरवी त्या कशात पडत नाहीत. त्या उठल्या, झाकणावर हात ठेवला आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाल्या, "वो पतरा ढांको मत, बेटा." मग सांगू लागल्या. मामू दर फेरीवरून आले की त्या त्यांच्या डाव्या नडगीला खोबरेल लावत. तिथली कातडी काळी, कोरडी पडली होती, केस कायमचे गेले होते. "तुम्ही गाडी चांगली कराल," त्या म्हणाल्या, "आणि लोकांना वाटेल, ते मजेत बसून गेले."

झाकण तसंच ठेवलं. गंज काढला, तेलाचा हात मारला, वर जुनं गोणपाट टाकलं.

मला तेव्हा कळलं, की जुनी वस्तू दुरुस्त करणं म्हणजे इतिहास लिहिण्यासारखंच आहे. काय ठेवायचं आणि काय झाकायचं, हे ठरवावं लागतं. रंग खरवडताना हिरव्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली विटकरी. तीन केबिनी, तीन रंग. शेवटी ठरलं की मिस्त्रींची तिसरी केबिनच खरी धरायची, कारण मामूंनी सर्वांत जास्त वर्षं तीच वापरली. कुजलेले लाकडी खांब मिस्त्रींनी नवे घातले, पण जुन्या खांबावर पेन्सिलनं लिहिलेली इंच-सुताची मापं होती, तो तुकडा कापून जपून ठेवला. इंजिन उघडलं, साफ केलं, सुरू होण्यापुरतं केलं. कमानपाटे घासून पुन्हा बसवले. मागं पेंटरनं 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलं. राज्याच्या परिवहन खात्यानं २०१५ साली गाड्यांवर हे शब्द लिहायला मनाई केली. आमची गाडी रस्त्यावर जाणारच नाही, तेव्हा अंगणात ते शब्द निर्धास्त आहेत.

ट्रकला जपणारे, सजवणारे लोक जगभर आहेत. जपानमध्ये दिव्यांनी आणि चित्रांनी मढवलेल्या ट्रकांना 'देकोतोरा' म्हणतात. पाकिस्तानात जुन्या बेडफर्ड ट्रकांवरची रंगकला जगप्रसिद्ध आहे. आपल्या महाराष्ट्रात तर ट्रकनं संसारच नाही, कलाही वाहिली. तमाशाचे फड ट्रकांतून गावोगाव फिरले. जत्रेतल्या तंबू सिनेमावाल्यांनी जुन्या ट्रकातच प्रोजेक्टर बसवला. शर्ली अब्राहम आणि अमित मढेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. त्यात हेच जग आहे.

मग अशा गाड्या टिकाव्यात यासाठी कायदा काय म्हणतो? २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या, म्हणजे 'व्हिंटेज' गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क. चांगली गोष्ट आहे. पण नियम बोलतो दुचाकी आणि चारचाकीविषयी, त्याही खासगी, बिगर-व्यावसायिक वापराच्या. आणि अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, सांगाड्यात, बॉडीत, इंजिनात मोठा बदल नसावा. संस्थानिकांची मोटार यात सहज बसते. जिनं आयुष्यभर भाडं मारलं, जिला सहा चाकं आणि तीन केबिनी झाल्या, तिनं यात कुठं बसावं? त्याच २०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरणही आलं. मोटारीसाठी संग्रहालय आणि ट्रकसाठी भंगार, अशी ही वाटणी झाली.

रस्त्यावरच्या गाड्यांबाबत कायदा कडक असलाच पाहिजे. कारखान्यानं ठरवलेल्या बांधणीत मनमानी बदल करू नयेत, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. माणसांचे जीव त्यात गुंतलेले आहेत. धुरकट, ब्रेक सैल झालेले ट्रक धावत राहावेत, असं मी म्हणत नाही. २०२५ पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं, याचा मला आनंद आहे. मुमानींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "देर से सही."

पण उद्याच्या गार केबिनीत बसणाऱ्या ड्रायव्हरला कालची केबिन कशी होती, हे कळायला नको का? एका तरी बाजार समितीच्या आवारात, तोलकाट्याशेजारी, एखादा जुना ट्रक जपून ठेवता येईल. तेही जमत नसेल तर निदान जे बॉडी-मिस्त्री आज हयात आहेत, त्यांच्याशी बोला, त्यांची मापं लिहून ठेवा. त्यांच्या हातच्या गाड्यांना कारखान्याचा नकाशा नव्हता. नकाशा त्यांच्या डोक्यात होता.

काम संपलं त्या संध्याकाळी मामेभावानं इंजिन सुरू केलं. गल्लीतली पोरं जमली. एक जण केबिनीत चढला, झाकणावर बसला आणि पाचच मिनिटांत उडी मारून खाली आला. म्हणाला, "चटका बसतो हो!"

मुमानी ओट्यावरून म्हणाल्या, "अब समझा?"