भिंग आणि अंतर : मद्रासच्या निसर्गछायाचित्रणाचा मागोवा

मद्रासचे निसर्गलेखक आणि छायाचित्रकार एम. कृष्णन (१९१२–१९९६) यांचा कॅमेरा कोणत्याही एका कारखान्यातून बाहेर पडलेला नव्हता. त्याचा सांगाडा एका बनावटीचा, दूरभिंग दुसऱ्याच बनावटीचे, आणि या दोहोंचा संसार जमवून देणारे जोडभाग स्वतः कृष्णन यांनी बसवलेले. या अवजड यंत्राला त्यांनी ‘सुपर पाँडेरोसा’ असे भारदस्त नाव दिले होते. निलगिरीतील निसर्गअभ्यासक ई. आर. सी. डेव्हिडार यांनी त्याचे वर्णन करताना, ही सारी जुळणी टिकवण्यासाठी कोठेतरी सुतळीही बांधलेली असावी, अशी मिस्कील शंका व्यक्त केली आहे. कृष्णन यांच्या कॅमेऱ्याकडे एका विक्षिप्त माणसाची गंमत म्हणून पाहण्याची रीत पडून गेली. ती रीत अपुरी आहे. रानातील जीव आणि माणूस यांच्यात किती अंतर असावे, या प्रश्नाला त्या काळात आणि त्या परिस्थितीत दिलेले ते एक उत्तर होते.

छायाचित्रणाच्या आरंभकाळात पक्ष्याचे चित्र म्हणजे जवळजवळ नेहमीच घरट्याचे चित्र असे. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. पाखरांच्या जवळ जाता यावे म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह दबा धरून बसण्याचाही उद्योग केला. हकीकत आज हास्यास्पद वाटते. परंतु काचेच्या मंद प्लेटा, आखूड भिंगे आणि सतत हलणारे पाखरू यांचा मेळ घालायचा, तर पाखरू पुन्हा पुन्हा हमखास येईल अशी एकच जागा होती, आणि ती म्हणजे त्याचे घरटे. भारतात आर. एस. पी. बेट्स आणि ई. एच. एन. लोथर या इंग्रज छायाचित्रकारांनी हीच पद्धत रुजवली. घरट्यापासून काही अंतरावर कापडाचे लपण उभारायचे, ते दिवसागणिक थोडे थोडे जवळ सरकवायचे, पाखरे सरावली की आत बसायचे आणि वाट पाहायची. लोथर यांचे भारतातील पक्षिछायाचित्रणावरील पुस्तक १९४९ मध्ये आले. या मंडळींच्या चिकाटीला तोड नव्हती आणि त्यांच्या चित्रांचे शास्त्रीय मोलही थोडे नाही.

पण या पद्धतीची किंमत पाखराला मोजावी लागे. घरट्यावर उजेड पडावा म्हणून आडव्या येणाऱ्या फांद्या बांधून ठेवल्या जात, कधी छाटल्याही जात. मद्रासच्या किंवा दख्खनच्या उन्हात पांघरूण गमावलेली पिले थोड्या वेळात तडफडून मरू शकतात. जे घरटे कॅमेऱ्याला दिसते ते कावळ्यालाही दिसते, आणि आईबाप बुजून दूर राहिले की त्याचे आयतेच फावते. आज भारतातील अनेक पक्षिमित्र संस्था आणि स्पर्धा घरट्यांची चित्रे स्वीकारत नाहीत. ज्यांच्या चित्रांवर पक्षिशास्त्राच्या दोन पिढ्या वाढल्या त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मात्र अन्यायाचे ठरेल. त्यांच्या हाती लांब भिंग नव्हते, हे विसरता येत नाही.

लांब भिंग म्हणजे काय, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. ३५ मिलिमीटर फिल्मवर ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग हे नित्याचे मानतात. दयाळाएवढा, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा पक्षी दहा मीटरवर बसला असेल, तर या भिंगातून त्याची प्रतिमा फिल्मवर जेमतेम एक मिलिमीटर भरते. त्याच जागेवरून ४०० मिलिमीटरचे भिंग वापरले तर ती आठ मिलिमीटर होते. ठिपक्याचे पाखरू झाले ते एवढ्याने. पण हे दान फुकट मिळत नाही. चारशेच्या भिंगाचे छिद्र एफ ५.६ वर ठेवून दहा मीटरवर रोख धरला, तर ठळक दिसणारा पट्टा सुमारे २० सेंटिमीटर खोलीचा असतो. पाखरू पाच मीटरवर आले की तो सुमारे पाच सेंटिमीटरवर येतो. मग डोळा रेखीव आणि शेपूट धूसर, असे चित्र पदरी पडते. छिद्र लहान केल्यास पट्टा वाढतो, पण प्रकाश घटतो. त्यात भिंग जितके लांब तितका हाताचा कंपही मोठा होऊन उमटतो. हातात धरलेल्या ४०० मिलिमीटर भिंगाला शटरचा वेग निदान १/४०० सेकंद हवा, असा जुना दंडक आहे. तेवढा वेग नसेल तर तिपाई हवी, आणि तिपाई आली की उडत्या पाखरामागे भिंग फिरवण्याची मोकळीक बरीचशी गेली.

हा हिशेब कागदावर समजण्यापेक्षा वेडन्तांगलच्या बांधावर अधिक चांगला समजतो. चेन्नईच्या नैर्ऋत्येला सुमारे ७५ किलोमीटरवर, चेंगलपट्टू जिल्ह्यात, हे लहानसे तळे आहे. ईशान्य मोसमी पावसाने ते भरते आणि पाण्यात अर्धवट बुडालेल्या निवराच्या झाडांवर मुग्धबलाक, चमचे, पांढरे शराटी, पाणकावळे, रातबगळे यांची घरटी दाटीवाटीने बसतात. गावाच्या नावाचा अर्थ ‘पारध्यांची वस्ती’ असा सांगतात; प्रत्यक्षात या गावाने पारध करणाऱ्यांनाच अडवले. गोऱ्या सैनिकांनी पाखरे मारली तेव्हा गावकरी कंपनी सरकारच्या दारात गेले आणि १७९८ मध्ये कलेक्टर लायोनेल प्लेस यांच्याकडून त्यांनी संरक्षणाचा कौल मिळवला. कौल हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. आपल्या जुन्या दप्तरांत तो पानोपानी भेटतो. इथे मात्र तो रयतेने पाखरांसाठी मागून घेतलेला आहे. यात केवळ भूतदया नव्हती. पाखरांच्या विष्ठेने तळ्याचे पाणी कसदार होते आणि ते शेताला मिळते, हे गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने या तळ्याची रचना मोठी अर्थपूर्ण आहे. माणसे बांधावर, पाखरे पाण्यातल्या झाडांवर, आणि मध्ये पाणी. येथे लपण सरकवत नेण्याचा प्रश्नच येत नाही. अंतर आधीच ठरून गेलेले आहे आणि भिंग त्या अंतराला जुळवून निवडावे लागते. चमचा पक्षी सुमारे ८० सेंटिमीटर लांबीचा. तो ४० मीटरवर असेल तर ४०० मिलिमीटर भिंगातून त्याची प्रतिमाही आठ मिलिमीटरच भरते, म्हणजे दहा मीटरवरच्या दयाळाएवढीच. शिवाय पाखरे येतात त्याच सुमारास आकाश भरलेले असते. १०० एएसए वेगाच्या फिल्मवर स्वच्छ उन्हात एफ ५.६ ला १/८०० सेकंदाच्या आसपास वेग मिळतो. दाट ढगांखाली तोच १/१०० वर येतो. चारशेचे भिंग हातात धरण्याचा विचार मग सोडून द्यावा लागतो. अधिक वेगाची फिल्म घातली तर चित्रात रवा दिसू लागतो आणि पिसांचे बारकावे त्यात हरवतात. त्यात भर म्हणून पाखरे बहुधा पांढरी, आणि पाठीमागची पाने काळपट हिरवी. प्रकाशमापक पानांच्या अंधाराला भुलतो, आणि त्याचे ऐकले तर बगळ्याच्या जागी पांढरा डाग तेवढा उरतो. जाणते लोक पानांकडे दुर्लक्ष करून पांढऱ्या पिसांचा हिशेब धरत आणि पाने काळी पडली तर पडू देत.

कृष्णन यांनी वेडन्तांगलवर लिहिले, पण छायाचित्रकार म्हणून त्यांची ख्याती मुख्यतः हत्ती, गवे, हरणे यांच्या कृष्णधवल चित्रांसाठी आहे. तमिळ कादंबरीकार अ. माधवय्या यांचे ते पुत्र. प्रेसिडेन्सी कॉलेजात पी. एफ. फायसन यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाचा सहवास त्यांना लाभला, आणि पाहणे व रेखाटणे या दोन्हींचे वळण त्यांना लागले. कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’मधील त्यांचे सदर १९५० मध्ये सुरू झाले ते १९९६ पर्यंत चालू राहिले, सोबतची रेखाचित्रेही त्यांचीच असत. पाळीव हत्तीच्या पाठीवरून रान हिंडणे ही त्यांची आवडती रीत होती. हत्तीच्या पाठीवर तिपाई रोवता येत नाही. म्हणून भिंगाची लांबी, फिल्मचा वेग आणि हाताची स्थिरता यांची तडजोड त्यांना स्वतःच्या शरीराच्या मापाने बेतावी लागली, आणि बाजारात मिळणारे यंत्र या बेताला पुरे पडत नव्हते.

बाजारात मिळत तरी काय होते? स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत परदेशी कॅमेरे आणि भिंगे यांच्यावर आयातीचे निर्बंध आणि जबर कर होते. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची स्थापना १९६० मध्ये झाली आणि १९६७ पासून तेथे उत्पादन होऊ लागले, तेव्हा ‘इंदू’ ही देशी कृष्णधवल फिल्म हाती आली. भिंगांच्या बाबतीत तशी सोय झाली नाही. पिस्तुलासारखी मूठ दाबून झटकन रोख साधणारे जर्मन नोव्होफ्लेक्स भिंग ज्याच्याजवळ असे त्याच्याकडे इतर छायाचित्रकार हेव्याने पाहत. बाकीच्यांना जुळवाजुळव करावी लागे. सुपर पाँडेरोसाचे वेडेबागडे रूप या टंचाईतून घडले आहे. लांब भिंग मिळत नाही म्हणून जनावराच्या अंगावर जाण्याचा मार्ग कृष्णन यांनाही मोकळा होता. तो न धरता त्यांनी भिंग घडवले. त्यांच्या चित्रांत हत्ती एकटा सहसा दिसत नाही. भोवतालचे गवत, बांबू, चिखल यांच्यासह तो दिसतो. चौकट भरून टाकणाऱ्या आजच्या चित्रांना सरावलेल्या डोळ्याला ही चित्रे प्रथम दूरची वाटतात. परंतु जनावर काय करीत आहे आणि कोठे उभे आहे, हे त्यांतून कळते. निसर्गाच्या नोंदीत तेच अधिक टिकाऊ ठरते.

कृष्णन यांच्या आयुष्याचा एक धागा मराठी इतिहासाला येऊन मिळतो. १९४२ पासून स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन होईपर्यंत त्यांनी बळ्ळारीलगतच्या संडूर संस्थानात निरनिराळ्या हुद्द्यांवर नोकरी केली. संडूर म्हणजे घोरपड्यांचे, कन्नड मुलखातले लहानसे मराठा संस्थान. त्याच घराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे (१९३१–२०११) त्या वेळी शाळकरी वयाचे होते. पुढे ते कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले आणि वन्यजीवनाचे छायाचित्रकार म्हणूनही नावाजले. ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे त्यांचे पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका बाजूला राजघराण्यातील माणूस, दुसऱ्या बाजूला जोडकामाचा कॅमेरा घेऊन हिंडणारा नोकरदार लेखक, आणि दोघांच्या आयुष्यात संडूरच्या त्याच टेकड्या. मराठीत या योगाची नोंद व्हायला हवी होती, ती फारशी झालेली नाही.

कृष्णन १८ फेब्रुवारी १९९६ रोजी निवर्तले. त्याच वर्षी शहराचे नाव अधिकृतपणे चेन्नई झाले. त्यानंतर फिल्म मागे पडली. संवेदनक्षमता एका बटणाने वाढू लागली, भिंगातच कंप शोषण्याची सोय आली आणि ६०० मिलिमीटरपर्यंत पोचणारी भिंगे पगारदार माणसाच्या आवाक्यात येऊन बसली. पळ्ळिकरणैच्या दलदलीकाठच्या रस्त्यावर रविवारी सकाळी अशी भिंगे रांगेने दिसतात. लांब भिंगामुळे माणूस दूर राहील, ही अपेक्षा मात्र सर्वत्र खरी ठरली नाही. भिंग लांबल्यावर पुष्कळांना पाखरू आणखी मोठे हवे झाले, आणि ध्वनिमुद्रित साद वाजवून त्याला जवळ बोलावण्याची खोड वाढली. नराला ती साद आपल्या हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या नराची वाटते आणि तो खाणे सोडून झुंजायला येतो. चित्र उत्तम मिळते. पाखराची सकाळ मात्र वाया जाते.

वेडन्तांगल २०२२ मध्ये रामसर पाणथळींच्या यादीत गेले. बांधावर आता निरीक्षणाचा मनोरा आहे आणि हंगामात पर्यटकांची वर्दळ असते. झाडे अजून पाण्यात उभी आहेत. उन्हाळ्यात तळे आटत जाऊन त्यांच्यापर्यंत कोरड्या पायांनी पोचता येऊ लागते, तेव्हा पिले उडालेली आणि घरटी रिकामी झालेली असतात.